विमानाच्या दिव्यांबद्दल एका निवृत्त तंत्रज्ञ काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,
सा. न.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही ‘अरे, त्यात काय एवढं’ म्हणून विषयच बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे. फ्लाइटगिअर या संगणकावरच्या विमान-सिम्युलेटरमध्ये रात्रीची उड्डाणं करणाऱ्या आणखी चार मराठी मुलांनी ते वाचावं, आणि तुम्ही मला काय दिलंत ते त्यांच्याही कामी यावं, अशी मनापासून इच्छा आहे.

मी विचारलं होतं ते अगदी लहान होतं. एअरबस ए३२० या प्रवासी विमानाच्या मॉडेलमधले पंखांच्या टोकांचे पांढरे स्ट्रोब, म्हणजे लुकलुकणारे दिवे, खऱ्यासारखे कसे चमकवायचे? फ्लाइटगिअर मोफत आहे, मुक्त आहे, आणि दिव्यांच्या फाइली साध्या मजकुराच्या असतात. कुठल्याही एडिटरमध्ये उघडा, आकडा बदला, सिम्युलेटर पुन्हा सुरू करा. आकडा कुठे लिहायचा ते मला ठाऊक होतं. तो किती असावा हे सांगणारं कुणी नव्हतं. तुमची सगळी नोकरी मुंबई विमानतळाच्या ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या जागेवर झाली, रात्रपाळीत शिडी लावून तुम्ही हेच दिवे बदललेत. तरी तुम्ही आकडा सांगितला नाहीत. आधी विचारलंत, “हा दिवा बघायचा कुणी असतो?”

त्या प्रश्नानं माझी कामाची पद्धतच बदलली. तोवर मी विमान बाहेरच्या कॅमेऱ्यातून बघायचो आणि सुंदर दिसतंय का, एवढंच तपासायचो. तुम्ही मला समोरून येणाऱ्या दुसऱ्या वैमानिकाच्या जागी बसवलंत. डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा, शेपटीला पांढरा, हे पाठ होतं. पण लाल आणि हिरवा प्रत्येकी नाकाच्या रेषेपासून बाहेर ११० अंशांपर्यंतच दिसायला हवा आणि मागचे उरलेले १४० अंश शेपटीच्या पांढऱ्याचे, हे तुम्ही कागदावर वर्तुळ काढून त्याचा फोटो पाठवून समजावलंत. नुसता लाल दिसला तर ते विमान आपल्या डावीकडे चाललंय, नुसता हिरवा दिसला तर उजवीकडे. पांढरा एकटाच दिसला तर ते दूर जातंय. आणि डोळ्यांसमोर डावीकडे हिरवा, उजवीकडे लाल असे दोन्ही दिसले तर ते सरळ आपल्याच दिशेनं येतंय. माझ्या मॉडेलमधला लाल दिवा चहूबाजूंनी दिसत होता. त्याला दिशा आणि कोन दिल्यावर मी धावपट्टीवर कॅमेरा ठेवून विमानाभोवती एक फेरी मारली. ११० अंशांना लाल मावळला आणि पांढरा उगवला. तेवढ्यासाठी किती रात्री जागलो असेन, पण तो क्षण फार मोलाचा होता.

मग स्ट्रोब. ए३२०चा स्ट्रोब लागोपाठ दोनदा चमकतो आणि मग थांबतो, हे तुम्ही फोनवर टाळ्या वाजवून दाखवलंत: टक-टक, थांब. आपण वेळा लिहिल्या: ०.०५ सेकंद चालू, ०.१ बंद, पुन्हा ०.०५ चालू, मग १ सेकंद बंद. एक आवर्तन १.२ सेकंदांचं, म्हणजे मिनिटाला ५०. मोठ्या प्रवासी विमानांसाठीच्या अमेरिकी नियमात ही मर्यादा ४० ते १०० आहे, तेव्हा हिशेब बसला. पण मुंबईसारख्या दाट दृश्यात माझा जुना लॅपटॉप सेकंदाला जेमतेम १५ फ्रेम, म्हणजे चित्रं, काढतो. एका फ्रेमलाच ०.०६७ सेकंद लागतात, मग ०.०५ची चमक कधी दिसते, कधी दोन फ्रेमच्या मधे हरवते. खऱ्या स्ट्रोबमधल्या झेनॉन वायूच्या नळीची चमक तर सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते, तेव्हा सिम्युलेटरमधला आकडा डोळ्यांसाठीच असतो, असं तुम्ही म्हणालात आणि चमक ०.०८ करायला लावलीत. लांब विश्रांती ०.९४ केली, आवर्तन १.२चंच राहिलं. आता एकही चमक चुकत नाही. तांत्रिक माणूस खरेपणाचा आग्रह धरतो असं मला वाटायचं. कुठला खरेपणा धरायचा हेही त्याला कळावं लागतं, ते तुमच्यामुळे पाहिलं.

लँडिंग लाइट, म्हणजे उतरताना पुढे उजेड टाकणारे दिवे, यांच्याबद्दल तुम्ही सांगितलेलं तर कुठल्याच फाइलमध्ये नव्हतं. जुन्या ए३२०मध्ये हे दिवे पंखांच्या पोटात मिटलेले असतात. स्विचला तीन जागा. चालू केला की दिवा आधी खाली येतो आणि पूर्ण उघडल्यावरच पेटतो. ‘बंद’ केला तर विझतो, पण खालीच लोंबत राहतो. मिटवायचा तर स्विच तिसऱ्या जागी न्यावा लागतो. मी तसाच क्रम लिहिला. त्या ६०० वॅटच्या बल्बचा उजेड पिवळसर, स्ट्रोबचा निळसर पांढरा, म्हणून एकाच ‘पांढऱ्या’ रंगाचे दोन वेगळे आकडे झाले. तुमच्या सांगण्यावरून मुंबईला आलो तेव्हा संध्याकाळी कुर्ल्याला उभा राहिलो. २७ क्रमांकाच्या धावपट्टीसाठी पूर्वेकडून एकामागून एक विमानं उतरत होती आणि लांबून प्रत्येकाचा आधी फक्त लँडिंग लाइट दिसत होता, रंगीत दिवे फार उशिरा. घरी येऊन सगळ्या दिव्यांची तीव्रता नव्यानं ठरवली.

बीकन या इशाऱ्याच्या दिव्यांबद्दल बोलताना मात्र तुमचा आवाज बदलला होता. विमानाच्या पाठीवर एक, पोटाखाली एक, दोन्ही लाल. इंजिन सुरू होण्याआधी ते लागतात आणि इंजिन थांबेपर्यंत विझत नाहीत. “तो जमिनीवरच्या माणसांसाठी आहे,” तुम्ही म्हणालात. “लाल फिरायला लागला की इंजिनाजवळ जायचं नाही. तुझ्या विमानात तो वैमानिकाला दिसला नाही तरी चालेल, चाकाशी उभ्या माणसाला दिसलाच पाहिजे.” म्हणून पोटाखालच्या बीकनचा लाल उजेड आता ॲप्रनच्या काँक्रीटवर पडतो. सिम्युलेटरमध्ये तिथे कुणी उभं नसतं. तरी तो पडतो, आणि तो तुमच्यासाठी आणि तुमच्या पाळीतल्या सगळ्यांसाठी आहे.

कॉकपिटचे आणि केबिनचे दिवे मी स्वतः निभावले. रात्री उतरताना केबिन मंद करायची, एवढी आठवण तुम्ही दिलीत ती पुरली.

काका, माझ्यासारख्या अनोळखी मुलाचा पहिला मेसेज तुम्ही सोडून देऊ शकला असतात. त्याऐवजी तुम्ही रात्री उशिरापर्यंत मराठीतून लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवलेत, तोच प्रश्न पुन्हा विचारला तरी न चिडता पुन्हा उत्तर दिलंत. ते सगळे मेसेज मी जपून ठेवले आहेत. सुधारलेल्या फाइली आज तुम्हाला पाठवल्या आहेत. शेपटीवरच्या कंपनीच्या चिन्हावर उजेड टाकणारा लोगो लाइट मला अजून जरा भडक वाटतो. सवड मिळाली की बघून सांगा.

तुमचा,
साताऱ्याचा विद्यार्थी