भैयाची पहिली हार

शेफील्ड, 16 नोव्हेंबर

तीर्थस्वरूप आबा आणि माय,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही एवढंच म्हणालात, "आते यानं कसं व्हई?" आणि मोबाइल काकांच्या हातात दिलात. काकांनी बॉक्सिंगऐवजी पोलीस भरतीच्या अकॅडमीची फी सांगितली, मागून माय काहीतरी ओरडत होती, तेवढ्यात रेंज गेली. आपल्या घरी फोनवर एका वेळी चौघं बोलतात, म्हणून सविस्तर लिहितेय. भैयालाही वाचायला द्या, पण आधी तुम्ही वाचा.

भैया हरला याचं मला फार काही वाटलं नाही. कसा हरला ते ऐकून मात्र झोप उडाली. दुसऱ्या राउंडमध्ये मार बसल्यावर रेफरीने दोनदा आठपर्यंत आकडे मोजले, मग लढतच थांबवली. आणि माय काय ओरडत होती ते नंतर तिनेच सांगितलं: "पोऱ्या दोन दिन काहीच जेवना नही." वजन उतरवायला स्वेटरवर रेनकोट चढवून चोपडा रोडला पळत होता म्हणे, पाणीसुद्धा तोंड ओलं करण्यापुरतं. आबा, यात सगळं आलं. अंगातलं पाणी कमी झालं की पाय जड पडतात, ठोसा येताना दिसतो पण मान वेळेवर हलत नाही, आणि डोक्यावर बसलेला मार जास्त महागात पडतो. समोरचा पोरगा चांगला असेलही. पण आपला गडी रिंगमध्ये चढला तेव्हाच अर्धा गळाला होता. वर्षभरात चार बोटं उंच झालेल्या पोराला मागच्या वर्षीच्याच वजनगटात कोंबायचं, हे कोणाच्या डोक्यातून निघालं? त्याच्या बॉक्सिंगच्या सरांना विचारा, वरच्या गटात का नको. "तिथं पोरं तगडी असतात" असं उत्तर येईल. असू देत तगडी. एक वर्ष तिथं मार खाऊन शिकला तरी चालेल, उपाशी राहून नको.

काका म्हणतात, एकदा डाग लागला की बॉक्सरचा भाव पडतो. काका अगदीच चुकीचं बोलत नाहीत, फक्त ते यूट्यूबवरच्या धंदेवाईक बॉक्सिंगबद्दल बोलतायत. फ्लॉइड मेवेदर 2017 साली 50 लढती आणि 50 विजय घेऊन थांबला. त्याच्या आधी रॉकी मार्सियानो 49 विजयांवर, एकही हार न घेता, 1956 मध्ये निवृत्त झाला. हारीच्या रकान्यातलं ते शून्य पोस्टरवर छापलं की तिकिटं खपतात. म्हणून प्रमोटर मंडळी ते जिवापाड जपतात, नव्या पोराला सुरुवातीला बेताचेच प्रतिस्पर्धी देतात. शून्य गेलं की पुढच्या लढतीचे पैसे उतरतात, टीव्हीवाले हात आखडता घेतात, मोठं नाव समोर यायला तयार होत नाही. खरं आहे ते. पण तो बाजाराचा हिशेब झाला, त्यावरून पोराच्या अंगात काय आहे ते कळत नाही.

इथल्या एका छोट्या हॉलमधल्या कार्यक्रमाला मी गेले होते, ओळखीच्या ट्रेनरने पोरांचे हात-मनगटं बघायला बोलावलं म्हणून. यजमान बाजूचा पोरगा स्वतःच तिकिटं विकतो. मामा, मित्र, गल्लीतली सगळी आरडाओरडा करायला हजर. समोरच्या कोपऱ्यात येतो तो पैसे घेऊन लढणारा माणूस. चार राउंड, गुण देणारा रेफरी एकटाच, आणि निकाल बहुतेक वेळा आधीच दिसत असतो. त्या रात्री हरलेला गडी चाळिशीकडे झुकलेला होता. कपडे बदलायच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तो कात्रीने हाताच्या पट्ट्या कापत होता, दुसऱ्या हातात अर्धं सँडविच. भुवईवर चीर होती. मला म्हणाला, "पुढच्या शनिवारपर्यंत भरेल ना? लिव्हरपूलला लढत आहे." हरल्याचं दुःख वगैरे काही नाही, भुवई भरेल का एवढीच काळजी! बर्मिंगहॅमचा पीटर बक्ली असाच. 300 लढती खेळला, त्यातल्या 256 हरला, आणि 2008 मध्ये ताठ मानेने थांबला. माझं तर मत आहे की अशा माणसांवाचून त्या शून्यवाल्यांचं दुकानच चाललं नसतं.

या शेफील्डमध्येच दोन उदाहरणं आहेत. नसीम हमीद, येमेनहून आलेल्या कुटुंबातला. दोऱ्यांवरून कोलांटी मारून रिंगमध्ये उतरायचा. 35 लढती सलग जिंकला आणि एप्रिल 2001 मध्ये लास वेगासला मार्को अँटोनियो बरेराने त्याला गुणांवर हरवलं. त्यानंतर तो फक्त एकदा लढला, जिंकला, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी संपलं. लोक अजून वाद घालतात. माझ्या मते त्या रात्री हात मोडला नव्हता की डोळा गेला नव्हता, मनातली हौस गेली होती. दुसरा केल ब्रुक. तोही 36 लढती अजिंक्य. 2016 मध्ये दोन वजनगट वर चढून जगज्जेत्या गोलोव्किनशी लढला, डोळ्याखालचं हाड मोडलं, हार मानून त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल पडला. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या एरल स्पेन्सकडून हरला तेव्हा दुसऱ्या डोळ्याचं हाड गेलं. तरी 2022 मध्ये ब्रिटिश बॉक्सर आमिर खानला त्याने मँचेस्टरमध्ये हरवलंच. दोघांच्या पहिल्या हारीत शरीराचं नुकसान ब्रुकचं जास्त झालं, आणि टिकला तोच.

भैयाने खरं तर अमेरिकेच्या जो लुईचं वाचावं. 1936 मध्ये मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या राउंडला झोपवलं. श्मेलिंगने त्याच्या लढतींची फिल्म बघून एक खोड हेरली होती: डावा जॅब, म्हणजे सरळ ठोसा, मारला की लुईचा डावा हात खाली यायचा, आणि त्या फटीतून श्मेलिंगचा उजवा आत शिरला. लुईने ती खोड मोडली. पुढच्याच वर्षी तो जगज्जेता झाला, आणि 1938 मध्ये त्याच श्मेलिंगला पहिल्या राउंडमध्येच आडवं केलं. इकडचा लेनॉक्स लुईस आणखी हुशार. 1994 मध्ये वेम्बलीला ऑलिव्हर मॅकॉलने त्याला दुसऱ्या राउंडला पाडलं. मॅकॉलचा ट्रेनर होता इमॅन्युएल स्टीवर्ड. लुईसने रडत न बसता त्या स्टीवर्डलाच आपल्याकडे घेतलं, आणि 1997 मध्ये मॅकॉलला हरवलं. तेव्हा भैयाच्या लढतीचा व्हिडिओ कोणी काढला असेल तर मिळवा. सरांबरोबर बसून बघू दे, एकट्याने नको. एकटा बघेल तर फक्त पडलेला क्षण पुन्हा पुन्हा बघेल.

आणि भैयाला कुठं तिकिटं विकायचीत? तो शाळा-कॉलेजच्या स्पर्धा खेळतोय. ड्रॉमध्ये नाव निघेल तो समोर, आणि सुवर्ण घेणारा एक सोडला तर बाकीचे सगळे कुठे ना कुठे हरूनच एसटीत बसतात. मेरी कोम 2001 मध्ये पहिल्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत हरली, 2002 मध्ये जिंकली, पुढे तिची जागतिक सुवर्णं सहा झाली. आबा, तुम्ही स्वतः यात्रेतल्या कुस्तीच्या फडात उतरायचात. पाठ टेकली म्हणून दुसऱ्या वर्षी कोणी तुमचं नाव पुकारायचं थांबवलं होतं का? मग पोराला वेगळा न्याय कशाला?

पोलीस भरतीला माझा विरोध नाही. आपल्या राज्यात पात्र खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, म्हणजे ग्लोव्हज खुंटीला टांगून भरतीची तयारी करणं हा तोट्याचा सौदा. दोन्ही चालू द्या. पळायचं तर दोन्हीकडे आहेच. आणि काकांना सांगा, अकॅडमीला सगळी फी एकदम भरू नका.

आता हुकूम सोडते, रागावू नका. डोक्याला मार लागून लढत थांबवली की किमान तीस दिवस रिंग बंद. स्पॅरिंग म्हणजे सरावाची लढत नाही, आणि मित्रांशी गमतीगमतीतही मारामारी नाही. मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर जिवावर बेततं, हे मी घाबरवायला लिहीत नाही, शिकलेय म्हणून लिहितेय. डोकं दुखतंय का, उलटी होतेय का, दोन-दोन दिसतंय का, उगाच चिडतोय का, दिवसा झोपतोय का, रोज विचारा. तो "काही नाही" म्हणेल, म्हणून मायने लक्ष ठेवावं. यातलं काहीही दिसलं तर सोमवारची वाट न बघता जळगावला न्यूरोच्या डॉक्टरांकडे न्या. एरवीही एकदा दाखवून घ्याच, आणि कागदाचा फोटो मला पाठवा. गाडीभाड्याचा विचार करू नका, पैसे मी उद्याच टाकते.

बाकी इथं चार वाजताच अंधार पडतो, हे आता अंगवळणी पडलंय. जावई बरे आहेत. मध्यंतरी त्यांनी इथल्या वांग्याचं भरीत करायचा घाट घातला, ओव्हनमध्ये! पऱ्हाटीच्या धुराशिवाय कसलं भरीत, पण खाल्लं बिचाऱ्यांच्या मनासाठी. कापसाची दुसरी वेचणी झाली का? भाव काय निघाला?

माय, तू गुडघ्याचे व्यायाम बंद केलेस हे मला भैयाने सांगितलंय. भिंतीला पाठ टेकून, दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. महिनाभर भैयालाही रिंग नाही, तर तुझे आकडे मोजायचं काम त्याच्याकडे.

तुमची,
बेबी