डॉक्टर मॅडम, केसपेपरवरच्या त्या एका ओळीबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

द्राक्षगर्भाच्या आजारानंतर माझा बीटा-एचसीजीचा, म्हणजे गरोदरपणात वाढणाऱ्या संप्रेरकाच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट सलग तिसऱ्या आठवड्यात नॉर्मल आल्याचे आपण सांगितलेत, तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही, म्हणून आज लिहीत आहे.

आपल्याकडे येण्याआधी मी ज्या खासगी दवाखान्यात जात होते, तिथे पोटात पाणीही ठरत नाही म्हटल्यावर ‘पहिलटकरणीला एवढे चालायचेच’ असे ऐकवले गेले, पोट दिवसांच्या मानाने मोठे दिसते म्हटल्यावर जुळ्याची थट्टा झाली, आणि अंगावरून जाऊ लागले तेव्हा गर्भ टिकण्याची इंजेक्शने सुरू झाली. सोनोग्राफी सर्वांत शेवटी सुचली. ‘यात बाळ नाही, पिशवी साफ करावी लागेल’ हे मला पुढच्या पेशंटला हाक मारता मारता सांगण्यात आले. फी मात्र न विसरता घेतली.

आपण सासूबाईंनाही आत बोलावलेत. ग्रहणात मी विळीवर भाजी चिरली म्हणून असे झाले, ही त्यांची धास्ती न हसता ऐकून घेतलीत आणि समजावलेत, की माझ्या प्रकारच्या द्राक्षगर्भात स्त्रीबीज रिकामे असते, सगळी 46 गुणसूत्रे पित्याकडची असतात, त्यामुळे बाळ तयारच होत नाही आणि वार तेवढी पाण्याच्या फोडांनी फुगत जाते. ‘म्हणजे दोष माझ्या मुलाचा?’ असे त्यांनी विचारताच आपण ‘कोणाचाच नाही’ म्हणालात, आणि आमच्या घरातला तो विषय तिथेच मिटला. पिशवी रिकामी केल्यावरही पुढचे काही महिने दिवस राहू द्यायचे नाहीत, कारण नव्या गर्भामुळेही हेच संप्रेरक वाढते आणि आजार उलटला की काय ते ओळखता येत नाही, हेही आपण यजमानांना समोर बसवून सांगितलेत. आकडा पुन्हा चढलाच तर मेथोट्रेक्झेटसारखी औषधे आहेत आणि हा आजार बहुतेक सर्वांचा पूर्ण बरा होतो, या आपल्या शब्दांवर मी प्रत्येक रिपोर्टची वाट पाहिली.

तरीही सर्वांत जास्त लक्षात राहिले ते वेगळेच. रक्त द्यायला मी पहिल्यांदा आले, तेव्हा एएनसीच्या, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीच्या, बाकावर बसवले होते आणि शेजारची बाई मायेने ‘कितवा महिना?’ विचारत होती. आपण जाता जाता थांबलात, माझा केसपेपर मागून घेतलात आणि उभ्यानेच हिरव्या शाईत लिहिलेत, ‘यांना एएनसीच्या रांगेत बसवू नये, थेट लॅबला पाठवावे.’ खाली दोन रेघा मारल्यात. त्यानंतर खिडकीवरच्या कोणालाही मला काही समजावून सांगावे लागले नाही. एवढ्या गर्दीच्या ओपीडीत कोणाच्या मनाला कुठे टोचत असेल हे पाहणारी माणसे अजून आहेत, याचे मला फार अप्रूप वाटते.

एक विनंती आहे. गर्भ गमावलेल्या प्रत्येकीच्या केसपेपरवर ही ओळ लिहिली जावी, यासाठी तिचा शिक्काच करून घ्यावा. त्याचा खर्च आम्ही आनंदाने देऊ.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण