चौकातल्या शिल्पात आमचेही दहा रुपये असू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चौक सुशोभित करायचे, उड्डाणपुलाखालच्या भिंती रंगवायच्या हे आता जवळपास प्रत्येक शहरात चाललंय. पैसे कुठून आणायचे म्हटलं की दोनच नावं पुढे येतात, एक महापालिका आणि दुसरा स्पॉन्सर. माझं म्हणणं असं की यात नागरिकांचाही वाटा असावा, छोटा असला तरी चालेल पण लोकांनी स्वतःच्या खिशातून दिलेला असावा, आणि याची सुरुवात कोल्हापूरनं करावी.

वर्गणी आपल्याला नवीन आहे का? तालीम मंडळांची पावती पुस्तकं दरवर्षी गल्लोगल्ली फिरतात. 1952 ला खाशाबा जाधव हेलसिंकीला गेले ते लोकांनी गोळा केलेल्या पैशांवर, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी तर त्यासाठी स्वतःचं घर गहाण टाकून 7 हजार रुपये उभे केले, आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं. कन्याकुमारीचं विवेकानंद शिलास्मारक 1970 ला उभं राहिलं, त्यासाठी आपल्या एकनाथजी रानडेंनी देशभरातून एक एक रुपया गोळा केला होता.

आणि कलेचं म्हणाल तर या शहराला कलापूर म्हणतात ते उगीच नाही. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर इथलेच. कावळा नाक्यावरचा ताराराणींचा पुतळा बघा, घोडा मागच्या दोन पायांवर उभा आहे, रवींद्र मेस्त्रींचं काम, बाहेरगावचा माणूस आजही थांबून बघतो. बिंदू चौकात भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं 1950 साली महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे बसले, बाबासाहेब हयात असताना! शिवाय शिरोली आणि उद्यमनगरच्या फौंड्र्या आहेत, ओतकाम कळणारी माणसं इथेच आहेत, ज्याला रोख देणं जमत नाही त्यानं भंगार धातू द्यावा किंवा चार दिवसांचं काम द्यावं, तीही वर्गणीच धरावी.

आता पैशाचं नीट बोलूया कारण गाडी तिथेच अडते. भिंतीवरचं चित्र म्हणजे नुसता रंगाचा खर्च नसतो. आधी भिंतीची ओल काढायची, गळती बंद करायची, जुना पोपडा खरवडून प्लास्टर दुरुस्त करायचं, मग प्रायमर, मग बाहेरच्या भिंतीला चालेल असा रंग, परांचीचं भाडं वेगळं, आणि चित्रकाराचं मानधन, जे बऱ्याचदा स्क्वेअर फुटाच्या रेटनं ठरवतात. हे मला अजिबात पटत नाही, कलाकार म्हणजे रंगारी कंत्राटदार नव्हे, त्याच्या कल्पनेचे पैसे वेगळे द्यायला पाहिजेत. आपल्याकडच्या पावसात तयारी न केलेली भिंत दोन पावसाळ्यांत सोलवटते. म्हणून जमलेल्या वर्गणीतला ठरावीक भाग पहिल्या दिवसापासून देखभालीसाठी बँकेत बाजूला ठेवावा, याला माझा फार आग्रह आहे.

शिल्पाच्या बाबतीत तर जास्तच. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा डिसेंबर 2023 ला उभा राहिला आणि ऑगस्ट 2024 ला कोसळला, ते दृश्य बघून कुणाला वाईट वाटलं नसेल? घाई, धातूची जाडी, आतला सांगाडा, समुद्राचा वारा, हे सगळं आपण नंतर बोललो. लोकांचे पैसे असतील तर मातीच्या मॉडेलपासूनच लोक प्रश्न विचारतील, इंजिनीअरचा रिपोर्ट मागतील, हिशेब चौकात फलकावर लावायला लावतील.

एक भीती मात्र खरी आहे. ज्यानं जास्त दिले त्याचंच ऐकायचं असं झालं तर सगळंच मुसळ केरात. दहा रुपयेवाल्याला आणि दहा हजारवाल्याला एकच मत पाहिजे, ज्यांना काहीच देता येत नाही पण जे त्या भिंतीसमोर गाडा लावतात त्यांनाही मत पाहिजे, आणि चित्रात कुणाचा लोगो नको. विषय ठरला की पुढचं कलाकारावर सोडायचं, रोज उठून हा रंग नको तो घाला असं करायचं नाही.

यात आपल्या पेपरला मोठं काम आहे. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या चौथऱ्याचे पैसे कमी पडले तेव्हा 1885 साली जोसेफ पुलित्झरनं आपल्या वर्ल्ड या पेपरातून हाक दिली, कितीही छोटी रक्कम असो नाव छापू म्हणाला. पाचेक महिन्यांत लाखाहून जास्त लोकांनी मिळून एक लाख डॉलरच्या वर दिले, बहुतेकांची रक्कम एका डॉलरपेक्षाही कमी! आपण एक भिंत निवडा, इथल्या कला महाविद्यालयांकडून रेखाटनं मागवा, ती छापा आणि वाचकांना मत द्यायला सांगा, वर्गणीदारांची नावं आणि खर्चाचा हिशेब दर आठवड्याला छापा. आमच्या गल्लीत पावती पुस्तक घेऊन फिरायची जबाबदारी माझी.

आपला एक वाचक,
कोल्हापूर