मॉनिटरसोबत दिलेल्या निरुपयोगी व्हीजीए केबलबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

डिचोली येथील आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची ज्या जुन्या संगणकावर आहे, त्याला पडद्याकडे चित्र पाठवण्यासाठी केवळ जुन्या पद्धतीची व्हीजीए जोडणी आहे. आपल्या मॉनिटरला ती नाही, नव्या पद्धतीची एचडीएमआय आहे, हे ठाऊक असूनही आम्ही तो घेतला, कारण खोक्यावर ‘जुन्या संगणकासाठी व्हीजीए-एचडीएमआय केबल सोबत’ असे ठळक छापलेले आहे. प्रत्यक्षात ती केबल जोडल्यावर पडद्यावर ‘नो सिग्नल’ एवढेच उमटते.

आपल्या तंत्रज्ञांनी दूरध्वनीवर प्रथम ग्राफिक्स ड्रायव्हर (चित्र दाखवणारे सॉफ्टवेअर) नव्याने घालण्यास सांगितले. संगणक सुरू होताना दिसणारी बायोसची (संगणकातील मूळ प्रणालीची) अक्षरे ड्रायव्हर चालू होण्याच्या आधीची असतात; तीही उमटत नसतील, तर ड्रायव्हरचा संबंध येतोच कुठे? नंतर पावसाळ्यात पिना गंजल्या असतील, असे सांगण्यात आले. गोव्याच्या दमट हवेत हे अशक्य नाही, म्हणून तेही पाहिले. त्याच पोर्टवर जुना मॉनिटर, अंधुक का होईना, चित्र दाखवतो आणि आपला मॉनिटर लॅपटॉपच्या एचडीएमआयवर उत्तम चालतो. उरते ती केबलच.

व्हीजीएचा संकेत ॲनालॉग (सलग बदलणारा) आणि एचडीएमआयचा डिजिटल (आकड्यांच्या रूपातला) असल्यामुळे मध्ये रूपांतर करणारी चिप नसेल, तर नुसत्या तारा जुळवून चित्र येऊ शकत नाही. म्हापशाच्या एका दुरुस्ती दुकानात मल्टिमीटर लावला असता आपल्या केबलमधील पिना एकमेकींना थेट जोडलेल्या आढळल्या. तिथूनच यूएसबीवर चालणारा, चिप असलेला कन्व्हर्टर तात्पुरता आणून लावला, तेव्हा १०२४ × ७६८ पिक्सेलचे स्वच्छ चित्र लगेच आले. हे कळवल्यावर आपण बदली म्हणून जो कन्व्हर्टर पाठवलात, तो एचडीएमआयकडून व्हीजीएकडे नेणारा, म्हणजे नेमका उलटा निघाला. असे कन्व्हर्टर एकाच दिशेने चालतात, हे ग्राहकाने कंपनीला सांगावे लागावे, याचे नवल वाटते.

तरी योग्य दिशेचा कन्व्हर्टर आपल्या खर्चाने त्वरित पाठवावा, अथवा मॉनिटर परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी, आणि खोक्यावरील तो दावा काढून टाकावा. बिलावर परतीची मुदत नसल्यास ३० दिवसांच्या आत सदोष माल परत घेण्यास नकार देणे, ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. आपल्या बिलावर अशी मुदत नाही आणि ते ३० दिवस अद्याप संपलेले नाहीत. समाधानकारक उत्तर न आल्यास आम्ही उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू.

बिलाची प्रत, खोक्याचे आणि दोन्ही वस्तूंचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपला,
ग्रंथपाल, डिचोली, गोवा