‘ओटीपी सांगू नका’ एवढ्याने भागत नाही

महोदय,

कापसाचे पैसे खात्यात पडू लागले की आमच्याकडे गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये थेट अॅप बसवणारी फाइल, येऊन पडते. पाठवणारा ओळखीचाच असतो, कारण त्याचा फोन आधीच भामट्यांच्या ताब्यात गेलेला असतो. फाइल उघडली की ती मेसेज वाचायची परवानगी मागते. घाईघाईत ‘अलाऊ’ दाबले, की ओटीपी कुणाला सांगायची गरजच उरत नाही. तो परस्पर पलीकडे पोहोचतो. बँकांचे पालुपद मात्र अजून तेच, ओटीपी सांगू नका!

पैसे गेल्यावर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला, तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. आमच्याकडे आधी भाऊबंदांत चर्चा होते, मग सोमवारी शाखेत खेटा. तोवर पैसे चार खाती फिरून एटीएममधून निघालेले असतात. ग्राहकाची वा बँकेची चूक नसताना पैसे गेले आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भुर्दंड नाही, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकाने केला. शाखेत हे कुणी आपणहून सांगत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शाखांनी पासबुक छापायच्या यंत्राशेजारी १९३० हा आकडा ठळक लावावा, आणि बाजाराच्या दिवशी अहिराणीतून भोंगा फिरवावा. कर्जवसुलीला गाडी गावात येतेच की!

– एक खातेदार, पारोळा (जि. जळगाव)