उथळ आहे म्हणूनच सांगतेय

बाळा,

काल फोनवर तू म्हणालीस, अगं आई लेक विनिपेग उथळ आहे, कायाक, ती वल्ह्याची छोटी होडी, काढली तर काय होतंय, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय म्हणून लिहितेय, नीट वाच.

कॅनडातलं हे आमचं सरोवर उथळ आहे हे खरंय. सरासरी खोली १२ मीटर, म्हणजे साधारण चार मजली बिल्डिंग बुडेल एवढीच, आणि पसारा २४,५०० चौरस किलोमीटर, आपल्या अख्ख्या पुणे जिल्ह्याच्या दीडपटीहून मोठा. हजारो वर्षांपूर्वी इथे बर्फ वितळून अगासीझ नावाचं प्रचंड सरोवर झालं होतं, त्याचा हा उरलेला तुकडा, त्यामुळे तळ सपाट. पातेल्यातलं पाणी हलवून बघ आणि परातीतलं हलवून बघ, परातीतलं लगेच काठावरून सांडतं ना, तसंच हे.

उत्तरेचा वारा सुटला की ४०० किलोमीटर लांबीचं पाणी दक्षिणेकडे ढकलत आणतो, पावसाचा टिपूस नसला तरी दक्षिण टोकाला पातळी काही तासांत मीटरभर चढू शकते, आणि वारा पडला की तेच पाणी माघारी जातं. मी आणि बाबा ऑक्टोबरमध्ये सरोवराकाठच्या गिमली गावाला गेलो होतो, सकाळी ज्या दगडावर डबा ठेवून पोहे खाल्ले तो दगड दुपारी दिसेचना. लाटा समुद्रासारख्या लांब नसतात गं, आखूड, उभ्या आणि एकामागे एक, पहिलीतून सावरेपर्यंत दुसरी अंगावर. "उथळ पाण्याला खळखळाट फार" हे इथे अगदी शब्दशः खरंय.

शिवाय पाण्यात हात घातलास तर बोटं दिसणार नाहीत. विनिपेग हे नावच क्री या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं, गढूळ पाणी असा अर्थ. रेड रिव्हर गाळ आणते आणि शेतातल्या खताचा फॉस्फरसही, त्याने उन्हाळ्यात हिरवं शेवाळ माजतं, तसं दिसलं तर पाण्यात पाय पण घालू नकोस, काही शेवाळं विषारी असतात.

ये तू, मैत्रिणींनाही आण. ग्रँड बीचला जाऊ, पांढरी वाळू आहे, कमरेएवढ्या पाण्यात डुंबा. कायाक काढायचीच तर काठाकाठाने, लाइफ जॅकेट घालून, आणि निघताना फोरकास्टमध्ये वारा बघ, उत्तरेचा असेल तर त्या दिवशी घरी बसायचं, मी थालीपीठ लावते.

आई