समान वेतनाचा कायदा आहे, मग पगाराचे आकडे कुलपात का? कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

मी अंधेरीतल्या एका खासगी कंपनीत अकाउंट्स विभागात नोकरी करते. गेल्या आठवड्यात कंपनीने माझ्या हातात एक पत्र ठेवलं. सहकाऱ्यांशी वेतनाबद्दल बोलून मी नियुक्तिपत्रातल्या गोपनीयतेच्या अटीचा भंग केला आहे, लेखी खुलासा द्यावा, नाहीतर शिस्तभंगाची कारवाई होईल, असं त्यात लिहिलं आहे. खुलासा मी दिला. आता मला तुमचा खुलासा हवा आहे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. आपला अमूल्य वेळ घेत असल्याबद्दल क्षमस्व.

घडलं ते असं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला पतपेढीचं कर्ज काढायचं होतं, त्याला जामीनदार हवा होता. मुलगा गुणी आहे. नवीन लागला तेव्हा जीएसटीचं रिटर्न कसं भरायचं, बँकेचं रिकन्सिलिएशन कसं जुळवायचं, हे मीच त्याला शिकवलं. मी जामीन राहते म्हटलं. सहीसाठी कागद पुढे आले, त्यात त्याची सॅलरी स्लिप होती. हुद्दा माझाच. काम माझंच. मार्च एंडिंगला रात्री शेवटची लोकल गाठेपर्यंत बसणंही सारखंच. त्याच्या हातात पडतात 58,000 रुपये. माझ्या हातात 43,000. आणि मी त्याच्यापेक्षा कितीतरी वर्षांनी सीनियर.

सही मी केली, त्याचा काय दोष? पण त्या रात्री झोप लागली नाही. महिन्याला 15,000, म्हणजे वर्षाला 1,80,000. लेकीच्या कॉलेजची फी भरायला मी माझ्या बांगड्या मोडल्या, त्या वर्षीही हा फरक असाच चालू असणार. तो नुसता पगारात थांबत नाही, साहेब. मूळ पगार कमी म्हणून पीएफ कमी, ग्रॅच्युइटी कमी. मी साठीला पोहोचेन तेव्हाही हा फरक माझ्या मागे असेल.

एचआरला विचारलं. आधी "बजेट नाही" झालं. मग "त्याने इंटरव्ह्यूत नीट निगोशिएट केलं" झालं. शेवटी खरं कारण बाहेर आलं: "तुमचा मागचा पगारच कमी होता, त्यावर टक्केवारीने वाढ दिली." मागचा पगार कमी का होता? मुलीच्या वेळी मी नोकरी सोडली होती. परत आले तेव्हा मिळेल त्या पगारावर लागले. त्यानंतरच्या प्रत्येक ऑफिसात पहिला प्रश्न एकच, "लास्ट सॅलरी किती?" एकदा आई झाले त्याची किंमत मी प्रत्येक ऑफर लेटरमध्ये पुन्हा पुन्हा मोजते आहे.

मग सरकारी कार्यालयात गेले. तिथल्या बाबूने पंख्याखालून मान वर न करता सांगितलं, "पुरावा आणा. त्याच्या पगाराचा अधिकृत कागद लावा." तो कागद माझा नाही. तो मी लावला तर त्या मुलाची नोकरी जाईल, आणि त्याच्या डोक्यावर आता कर्ज आहे, ज्याला मीच जामीन आहे. पुरावा कंपनीच्या कपाटात, कपाटाची चावी कंपनीकडे, आणि सिद्ध करायचं मी. हा कुठला न्याय?

कायदा नाही असं म्हणायलाही तुम्हाला जागा नाही. संविधानाच्या अनुच्छेद 39 मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन लिहिलं आहे. 1958 साली भारताने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या समान वेतनाच्या करारावर मान्यतेची मोहर उठवली. 1976 चा समान वेतन कायदा झाला. तो आता वेतन संहितेत सामावला आहे आणि ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात 2017 पासून स्पष्ट आहे की वेतनात स्त्रीशी भेदभाव करता येणार नाही. एवढे कायदे, आणि माझ्या टेबलापासून दोन हातांवर 15,000 चा फरक!

त्या 1976 च्या कायद्याखाली मालकाने एक रजिस्टर ठेवायचं होतं, नमुना ड. कामाचा प्रकार, त्या कामावर पुरुष किती, बायका किती, वेतनाचा दर काय, भत्ते काय. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या सरकारलाही कळत होतं की भेदभाव पकडायचा तर पुरुष आणि बाई यांचे आकडे एका कागदावर शेजारी शेजारी हवेत. चूक एवढीच राहिली की ते रजिस्टर मालकाच्या ऑफिसात राहिलं. निरीक्षक आला तर बघणार. जिचा पगार त्यात लिहिलाय तिला ते बघायची सोय नाही. आणि नव्या संहितेत नोंदीच ठेवल्या नाहीत तर दंड किती? फार तर 10,000 रुपये. माझ्या एका महिन्याच्या नुकसानीपेक्षा कमी!

याच मुंबईतली ऑड्री डिकॉस्टा यांची केस तुमच्या खात्यातल्या प्रत्येक अधिकाऱ्याने वाचायला हवी. मॅकिनन मॅकेंझी या कंपनीत त्या स्टेनोग्राफर होत्या. पुरुष स्टेनोंना जास्त पगार, बायकांना कमी. कंपनी म्हणाली, या साहेबांच्या खास लेडी स्टेनो आहेत, यांचं काम वेगळं. कंपनी असंही म्हणाली की आम्हाला परवडत नाही. 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही म्हणणी फेटाळली. कंपनीची ऐपत बघून हा कायदा लागू होत नाही, असं सांगितलं. पण डिकॉस्टाबाई जिंकल्या त्याला आणखी एक कारण होतं. युनियनबरोबरच्या करारात पगाराच्या श्रेणी लिहिलेल्या होत्या. फरक कागदावर होता, कुणालाही दाखवता येत होता. माझी आजी परळच्या गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. कुणाला काय दर मिळतो हे खात्यातल्या सगळ्या बायकांना तोंडपाठ असायचं. आज युनियन नाही, श्रेणी नाही. प्रत्येकाला वेगळं सीटीसीचं पत्र आणि त्यावर कॉन्फिडेन्शियलचा शिक्का. डिकॉस्टाबाई आज माझ्या ऑफिसात असत्या तर हरल्या असत्या.

आकडे जाहीर केले तर उद्योगाचं गुपित फुटेल, स्पर्धक माणसं पळवतील, असं तुमच्याकडे येणारे कारखानदार सांगत असतील. मग सरकारचं काय? माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 4 नुसार प्रत्येक सरकारी कार्यालयाने आपल्या प्रत्येक अधिकाऱ्याचं आणि कर्मचाऱ्याचं मासिक वेतन स्वतःहून जाहीर करायचं असतं. मंत्रालयातल्या शिपायापासून मुख्य सचिवापर्यंत कोण कुठल्या श्रेणीत आहे हे मला घरबसल्या कळू शकतं. तुम्ही निवडणुकीला उभे राहता तेव्हा घर, सोनं, गाड्या, कर्ज सगळं शपथपत्रावर लिहून देता. शिपायाचा पगार आणि मंत्र्याचं सोनं लोकांपुढे असायला हवं, आणि खासगी कंपनीतला पगार तेवढा देवघरातल्या गुप्त मंत्रासारखा जपायचा?

खासगीतही थोडं उघडलंय. शेअर बाजारातल्या कंपन्यांना प्रत्येक संचालकाच्या मानधनाचं कर्मचाऱ्यांच्या मध्यम पगाराशी (सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की बरोबर मधोमध येतो त्याच्याशी) किती पट प्रमाण आहे ते सांगावं लागतं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना 2022-23 पासून पुरुष आणि स्त्रियांचा मध्यम पगार वेगवेगळा द्यायला लावला आहे. सेबीचं ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात, तुमचं कामगार भवनही तिथेच. शेअर घेणाऱ्याला जो आकडा कळतो तो त्या कंपनीत राबणाऱ्या बाईला का नको? आणि मुंबईतल्या बहुतेक बायका शेअर बाजारातल्या कंपनीत नाहीत. त्या माझ्यासारख्या, नाव कुणी न ऐकलेल्या प्रायव्हेट लिमिटेडमध्ये आहेत.

ब्रिटनमध्ये 250 किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक मालकाला स्त्री-पुरुषांच्या पगारातलं अंतर सरकारी वेबसाइटवर टाकावं लागतं. 2018 च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा दहा हजारांहून अधिक मालकांचे आकडे आले. चारांतल्या तीनहून अधिक ठिकाणी पुरुषांचा मध्यम पगार जास्त निघाला. आकाश कोसळलं नाही, कंपन्या चालू आहेत. आइसलँडने 2018 मध्ये कायदा आणला की 25 किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीनेच सिद्ध करायचं की आमच्याकडे पगार समान आहे. सिद्ध करायचं ओझं मालकावर, बाईवर नाही! युरोपीय संघाच्या 2023 च्या निर्देशात मागचा पगार विचारायलाच बंदी आहे आणि उमेदवाराला पगार किंवा पगाराची मर्यादा आधी सांगणं सक्तीचं आहे. आपल्याकडे पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर किंमत छापावी लागते, पण माणसाची आठ-दहा वर्षं विकत घेणाऱ्या नोकरीच्या जाहिरातीत "ॲज पर इंडस्ट्री स्टँडर्ड" लिहिलं की भागतं.

आपल्याच वानखेडेवरचं उदाहरण घ्या. 2022 साली क्रिकेट मंडळाने बायकांची मॅच फी पुरुषांएवढी केली, कसोटीला 15 लाख, वनडेला 6 लाख. हे का झालं? दोन्ही आकडे सगळ्या देशाला माहीत होते म्हणून लाज वाटली. 2024-25 च्या वार्षिक करारात बायकांची वरची श्रेणी 50 लाखांची होती आणि पुरुषांची सर्वांत वरची 7 कोटींची, तेही आपण बोलू शकतो, कारण आकडा समोर आहे. माझ्या कंपनीला लाज कोण वाटवणार? तिचा आकडा कुणाला ठाऊकच नाही.

अमेरिकेत लिली लेडबेटर नावाच्या बाई टायरच्या कारखान्यात सुपरवायझर होत्या. निवृत्ती जवळ आल्यावर कुणीतरी निनावी चिठ्ठी ठेवली तेव्हा त्यांना कळलं की त्याच कामाचे पुरुष जास्त घेतात. 2007 साली तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, उशीर झाला. लोक चिडले आणि 2009 मध्ये कायदा बदलावा लागला. आपल्या वेतन संहितेत दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. मला कळलंच आत्ता. त्याआधीची माझी वर्षं कुणाच्या खात्यात जमा झाली?

बायकांसाठी सरकारने खूप केलं, हे मी भाषणांत ऐकते. दीड हजार दिलेत, 2024 च्या निवडणुकीत 2,100 करू म्हणालात. मला ओवाळणी नको आहे हो! माझ्या घामाचे 15,000 दर महिन्याला कंपनीच्या खिशात जातात, ते थांबवायला तिजोरीतून एक रुपया लागत नाही. पण मालकांना अडचण होईल असं काही करायची वेळ आली की तुमचं सरकार गप्प बसतं. सप्टेंबर 2025 मध्ये दुकाने-आस्थापनांतले नऊ तासांचे दहा तास करायला आणि कारखान्यांत बारा तास करायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. कामाचे तास वाढवायला मान्यता मिळते. पगार उघडा करा म्हटलं की अभ्यास समिती. कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरी तर माझ्यापेक्षाही खाली आहेत, त्यांना स्लिपसुद्धा धड मिळत नाही. तुमच्या खात्याला हे माहीत नाही असं मी मानत नाही. माहीत आहे, आणि चालवून घेतलं जातंय. पक्ष कुठलाही असो, हेच चालत आलंय.

मला काय हवंय ते सरळ लिहिते. वेतन संहितेखाली राज्याला नियम करता येतात आणि विधिमंडळ तुमच्या हातात आहे. शंभरावर माणसं असलेल्या प्रत्येक मालकाने दरवर्षी हुद्द्यानुसार स्त्री-पुरुषांचा मध्यम पगार कामगार आयुक्तांना कळवावा, कंत्राटी माणसं धरून, आणि तो लोकांना दिसेल असा जाहीर व्हावा. नावं नकोत, आकडे हवेत. खोटे आकडे दिले तर दंड दहा-वीस हजारांचा नको, पगारपत्रकाच्या प्रमाणात हवा. मागचा पगार विचारायला बंदी हवी. आणि पगाराबद्दल बोललं म्हणून कुणालाही नोटीस देता येणार नाही, हे तर उद्या एका परिपत्रकाने करता येईल.

या पत्राची प्रत रजिस्टर एडीने मंत्रालयात पाठवली आहे. "आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे" असं उत्तर कृपया पाठवू नका. नियम करणार की नाही, आणि करणार असाल तर येत्या अधिवेशनाआधी की नंतर, एवढं तुमच्या सहीने कळवा. माझ्या शिस्तभंगाची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. तुमचं उत्तर आलं तर तेच मी तिथे दाखल करणार आहे.

आपली,
अंधेरीतली एक कर्मचारी